राउटर रिस्टार्ट केला की चालतं, संध्याकाळी पुन्हा मरतं: गावाबाहेरच्या घरातलं नेट

सकाळी ६ वाजता ४० एमबीपीएस. दुपारी २५. संध्याकाळी साडेसातला २, आणि ऐन मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा अर्धं तोंड उघडं ठेवून गोठलेला. राउटर बंद करून चालू केला की तासभर बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ग्राहक सेवेला फोन लावला तर पलीकडून सल्ला येतो, "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा." म्हणजे दिवसातून चार वेळा आपण जे करतोय तेच.

माझं घर वस्तीच्या टोकाला आणि टॉवर टेकडीआड. या दुखण्यात मी दीड वर्ष घालवलं. तेवढ्यात दोन राउटर, एक अँटेना आणि 'रेंज वाढवणारं' एक यंत्र असा पसारा घरात जमला. त्यातली अँटेना तेवढी कामाची होती, आणि तीसुद्धा मी चुकीची लावली होती. बाकीचे पैसे पाण्यात गेले, कारण दोष कुठे आहे हे न बघताच मी खरेदीला निघालो होतो. त्या यंत्राबद्दल इथेच सांगून टाकतो: मोबाइल सिग्नलचा बूस्टर कंपनीच्या परवानगीशिवाय लावणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. त्याच्या गोंगाटाने टॉवरला त्रास होतो आणि शेजाऱ्यांची रेंजही जाते. माझा माळ्यावर पडून आहे.

नेटचा रस्ता तीन टप्प्यांचा धरा. फोन किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत पहिला, राउटरपासून टॉवरपर्यंत किंवा फायबरच्या खांबापर्यंत दुसरा, तिथून बाहेरच्या जगापर्यंत तिसरा. तिन्हीकडचा दोष स्क्रीनवर सारखाच दिसतो, गोल गोल फिरणारं चक्र. इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आधी घरातल्या घरात

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि मग स्पीड बघा. एवढं एक काम केलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीचं कन्व्हर्टर मिळतं. घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं नेट बंद ठेवायला सांगा, नाहीतर मोजमाप कशाचं झालं तेच कळत नाही.

केबलवर ३१ आणि आतल्या खोलीत वायफायवर ४ आले, तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. आमच्याकडे नेमकं हेच होतं. जाड दगडी भिंत, त्यापलीकडे लोखंडी कपाट आणि वर पत्र्याचं छप्पर. पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो आणि जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ गिळून टाकते. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरं जातं, पण वेग कमी देतं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेतावरच्या एकट्या घराला शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास नसतो, त्यामुळे चॅनल बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

वायफाय लांब न्यायचं असेल तर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त एक्स्टेंडर त्याच रेडिओवर घेतात आणि त्याचवर पुढे पाठवतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. भोक पाडायला ड्रिल लागेल, भिंत थोडी खराब होईल, पण केबल ती केबल.

आता पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. कमांडच्या खिडकीत पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका (राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१). लगेच दुसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा पत्ता, ८.८.८.८ चालेल. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. माझ्याकडे एका संध्याकाळी असं दिसलं:

राउटरकडून उत्तर: १, १, २, १, १ मिलिसेकंद.
बाहेरून उत्तर: ४१, ६८८, वेळ संपली, ९१२, ५७ मिलिसेकंद.

राउटर शांत आणि बाहेर वादळ. म्हणजे घर निर्दोष. वायफायवर बसून राउटरचंच उत्तर १५०-२०० मिलिसेकंदांनी यायला लागलं तर टॉवर, फायबर, उपग्रह सगळं विसरा आणि वायफाय सुधारा.

जाता जाता एक गैरसमज. प्लॅन ४० चा आणि फाइल उतरताना ५ च दिसतंय, अशी तक्रार मला दर महिन्याला कोणी ना कोणी करतं. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट. ४० भागिले ८ म्हणजे ५. नेट ठणठणीत आहे.

आठवडाभर वही

दोष येतो आणि जातो, तेव्हा तो कधी येतो हाच सगळ्यात मोठा पुरावा. मी राउटरशेजारी शाळेची वही ठेवली आणि दिवसातून चार वेळा, म्हणजे पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, केबलवरचा डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून ठेवला. शेवटच्या रकान्यात हवा कशी होती आणि घरात काय चाललं होतं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. पाचव्या दिवशी मात्र आकडे बोलायला लागले.

रोज ठरावीक वेळी, संध्याकाळी ७ ते ११ च्या दरम्यान वेग पडतो आणि पहाटे परत येतो, तेव्हा टॉवरवर किंवा पुढच्या लाइनवर गर्दी आहे. महिन्याच्या एका तारखेनंतर दिवसरात्र सारखंच मंद चालतं आणि नवीन बिलाच्या दिवशी आपोआप बरं होतं, तेव्हा डेटाचा कोटा संपतोय. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि लोक सहा महिने तपासत नाहीत. पाऊस पडला की खरखर आणि तुटातुट, तर तांब्याच्या तारेचा जोड भिजतोय किंवा अँटेनाच्या केबलच्या टोकात पाणी शिरलंय. वारा सुटला की तुटतं तेव्हा वर बघा: खांब हलतोय, फांदी तारेला घासतेय, काहीतरी सापडेल. भर दुपारी राउटर स्वतःच बंद-चालू होतो, तर तो पत्र्याखाली तापतोय. विजेचा दाब कमी झाला की असं होत असेल, तर ॲडॉप्टर बदला. जुना ॲडॉप्टर १२ व्होल्टच्या जागी १० देऊ लागला तरी राउटरचे दिवे लागतात, त्यामुळे संशय येत नाही. मी एक आख्खा उन्हाळा टॉवरला दोष देत होतो आणि चूक त्या काळ्या डबीची होती.

पालवीचं कोडं सगळ्यात मजेशीर. झाडं बोडकी असताना उत्तम चालणारं नेट पानं फुटली की हळूहळू बिघडत जातं. पानांत पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषतं. ओल्या पानांत आणखी. दर वर्षी त्याच महिन्यांत त्रास होत असेल तर टॉवरच्या दिशेला कुठलं झाड वाढलंय ते बघा. झाड तोडू नका, अँटेनाची जागा बदला.

सिमचा राउटर असेल तर: दांड्या बघू नका

गावाबाहेरच्या बहुतेक घरांना फोर-जी किंवा फाइव्ह-जीचा राउटर हाच पहिला पर्याय असतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

फोनवरच्या रेंजच्या दांड्या विश्वासाच्या नाहीत. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरे आकडे दोन आहेत आणि ते राउटरच्या पानावर 'सिग्नल' किंवा 'डिव्हाइस इन्फर्मेशन' अशा नावाखाली मिळतात. अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये सिमच्या माहितीत पहिला आकडा दिसतो.

पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो. तो डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आणि उणे असतो. उणे ८० किंवा त्याहून बरा म्हणजे छान, उणे ९० चांगला, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेला की आशा सोडा. उणे असल्यामुळे गोंधळ होतो: उणे ८५ हा उणे १०५ पेक्षा चांगला, आणि थोडाथोडका नाही. दर १० डेसिबलला ताकद दहापट होते, म्हणजे हा फरक शंभरपट.

दुसरा एसआयएनआर, म्हणजे तो आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे. २० च्या पुढे उत्तम, १३ ते २० चांगला, त्याखाली जेमतेम, शून्याच्या खाली गेला की नेट नावापुरतं. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी दुसऱ्याला मान देतो. जत्रेत कोणी कितीही जोरात ओरडलं तरी शब्द कळत नाहीत. निवांत अंगणात मात्र कुजबुजसुद्धा ऐकू येते.

आता रिस्टार्टचं रहस्य. टॉवर एकाच वेळी अनेक बँडवर, म्हणजे लहरींच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर बोलतो. ७००, ८००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे खालचे बँड लांब जातात आणि भिंती भेदतात, पण त्यांत कंपनीकडे जागा अरुंद असते, बहुधा ५ किंवा १० मेगाहर्ट्झ. वरच्या १८००, २१००, २३००, २६०० च्या बँडात रुंदी जास्त मिळते, पण ते टेकडीपाशी दम तोडतात. फोर-जीचा साधा हिशोब असा: दोन अँटेनांच्या जोडणीवर २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत कागदावर जास्तीत जास्त १५० एमबीपीएस, १० मध्ये ७५, ५ मध्ये ३७ च्या आसपास. आणि हे सगळं त्या दिशेला असलेल्या सगळ्या घरांत मिळून.

माझा राउटर सकाळी १८०० वर असायचा: आरएसआरपी उणे १०८, एसआयएनआर २, एकच दांडी, तरी २५-४० चा वेग. संध्याकाळी सिग्नल क्षणभर हलला की तो ८५० वर उडी मारायचा: उणे ८९, दांड्या भरलेल्या आणि वेग ३. सगळा गाव त्याच अरुंद गल्लीत. एकदा तिकडे गेला की तो परत येत नसे, कारण त्याच्या मते सिग्नल झकास होता. रिस्टार्ट केला की पुन्हा नव्याने शोध घ्यायचा, कधी १८०० वर बसायचा, आणि मला वाटायचं रिस्टार्टने नेट 'मोकळं' झालं. पुढच्या वेळी रिस्टार्ट करण्याआधी बँडचा आकडा लिहून ठेवा आणि केल्यानंतर पुन्हा बघा. तो बदललेला दिसला तर तुमचा रोग हाच.

इलाज म्हणजे बँड लॉक, राउटरला एकाच बँडवर बांधून ठेवणं. बऱ्याच राउटरांत ही सोय असते, काहींत ती लपवलेली असते, कंपनीने दिलेल्या काहींत मुद्दाम काढून टाकलेली असते. लॉक करण्याआधी त्या बँडवरचा सिग्नल सुधारून घ्या, नाहीतर राउटर अडकून पडेल. आणि लॉक केलंय हे वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहा. त्या बँडचा टॉवर बंद पडला की घरात शून्य नेट असतं आणि चार महिन्यांपूर्वी आपण काय केलं होतं हे कोणालाच आठवत नाही.

सिग्नल सुधारण्याची फुकटची पायरी म्हणजे जागा. टीव्हीच्या मागून उचलून राउटर माळ्यावरच्या, टॉवरकडे उघडणाऱ्या खिडकीत ठेवला आणि उणे १०८ चे उणे १०१ झाले, एसआयएनआर २ वरून ९ वर. एक पैसा न घालता. घरभर फिरताना आकडा बघत फिरा, हातभर अंतरानेही फरक पडतो.

त्यानंतर अँटेना. दिशा असलेली घ्या, आणि एक नाही, दोन. किंवा एकाच डबीत दोन असलेली. फोर-जी दोन वाटांनी बोलतं, एकच अँटेना लावली तर निम्मी कमाई सोडून दिल्यासारखं होतं. सुट्या दोन असतील तर एक उजवीकडे ४५ अंश आणि दुसरी डावीकडे ४५ अंश कलती ठेवा. काही राउटरांत सेटिंगमध्ये जाऊन 'बाहेरची अँटेना' असं निवडावं लागतं. ते मी पहिले दोन आठवडे केलंच नव्हतं. छपरावर अँटेना डौलात उभी होती आणि राउटर आपल्या पोटातल्याच अँटेनावर चालत होता.

दुसरी चूक केबलची. अँटेनासोबत आलेली बारीक काळी केबल १० मीटर लांब होती. २ गिगाहर्ट्झच्या आसपास अशी केबल ७-८ डेसिबल सहज खाते, आणि अँटेना देणार होती ९. खालीवर करून हाती काय उरलं ते बघा. जाड, कमी गळतीची केबल घ्या आणि ती शक्य तेवढी आखूड ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे राउटरच वर न्या: बाहेर बसवायचे राउटर मिळतात, अँटेना आणि राउटर एकाच डबीत, आणि खाली येते ती फक्त लॅन केबल. तिच्यातूनच वीजही वर जाते आणि १०० मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. आज सुरुवात करायची असती तर मी थेट हेच घेतलं असतं.

दिशा लावणं हा दोघांचा खेळ. मी छपरावर पाइप धरून, आई खाली लॅपटॉपसमोर. प्रत्येक वेळी साधारण दहा अंश फिरवायचं, मिनिटभर थांबायचं, मग आकडा. "अकरा... तेरा... पंधरा... अरे गेला नऊवर, मागे घे, मागे!" गंमत म्हणजे पंधरा आला तो टॉवरच्या सरळ रेषेत नाही, तर बराच डावीकडे, समोरच्या उतारावरून आपटून येणाऱ्या लहरींत. तेव्हा नकाशावर टॉवर दाखवून "याच दिशेला" असं म्हणणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. कधी कधी लांबचा, कमी गर्दीचा टॉवर जवळच्या टॉवरपेक्षा जास्त वेग देतो. आणखी एक: पाइप वर चढवण्याआधी त्याचं अर्थिंग करून घ्या आणि विजा चमकत असताना छपरावर जाऊ नका.

लॉक, अँटेना आणि आखूड केबल एवढ्यावर माझी सकाळ ४० वरून ६० ला पोचली आणि संध्याकाळ २ वरून १२-१४ वर. संध्याकाळचे १२ हे काही स्वप्न नाही, पण नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं आणि फोर-केसाठी १५. मीटिंग त्याहून कमीत होते. उरलेली घसरण टॉवरच्या गर्दीची आहे, ती माझ्या हातात नाही.

वेग आहे, तरी अडकतं

हा दोष वेगळा, आणि बरेच जण याला गर्दी समजतात. स्पीड टेस्ट उत्तम येते, पण मीटिंगमध्ये आवाज यंत्रमानवासारखा फाटतो. वहीच्या शेवटच्या रकान्यात मला दिसलं की हे नेहमी कोणीतरी फोन चार्जिंगला लावल्यावर होतं. फोन चार्जिंगला आणि वायफायवर आला की दिवसभराचे फोटो ढगात, म्हणजे क्लाउडवर, चढवायला लागतो. गावाकडच्या लाइनला अपलोड मुळात चिंचोळा, ३-४ एमबीपीएस. राउटर येईल ते सगळं पोटात साठवत जातो आणि तुमच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्या ढिगाच्या मागे रांगेत उभं राहतं. पिंग चालू ठेवून मोठी फाइल चढवून बघा. माझा ४० वरून ९०० मिलिसेकंदांवर गेला.

फोनमध्ये बॅकअप रात्री २ नंतर लावणं हा साधा उपाय. पक्का उपाय राउटरमधला: एसक्यूएम नावाची सोय, जी ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीत आहे आणि काही तयार राउटरांतही असते. तिच्या आत एफक्यू-कोडेल किंवा केक ही पद्धत चालते. प्रत्येकाला वेगळी रांग आणि कोणाचीच रांग लांबू द्यायची नाही. मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. सिमच्या नेटवर वेग सतत हलतो, तिथे संध्याकाळचा आकडा धरावा लागतो, म्हणजे सकाळी थोडा वेग सोडून द्यावा लागतो. मी सोडला. आवाज नीट येण्याची किंमत म्हणून ते मला परवडतं.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून वेग वाढतो असं सांगणारे भेटतील. त्याने साइट उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होऊ शकतो, डाउनलोडचा वेग नाही.

सिम सोडून दुसरं काही

फायबर येत असेल तर डोळे मिटून फायबर. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर एडीएसएल२प्लस ही पद्धत कागदावर २४ एमबीपीएस देते, तेही टेलिफोन एक्स्चेंजला चिकटून असाल तर. चार-पाच किलोमीटरवर दोन-तीन उरले तरी पुष्कळ. फायबरला अंतराची फारशी फिकीर नसते, घराघरांत वापरली जाणारी जीपॉन पद्धत २० किलोमीटरपर्यंत चालते.

पण फायबरलाही रोग आहेत. शेजारच्या काकांचं फायबर दर दोन दिवसांनी तुटायचं, डबीवर 'लॉस'चा लाल दिवा. तंत्रज्ञ यायचा, तोवर चालू झालेलं असायचं, तो निघून जायचा. आम्ही त्यांच्या राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे डबीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद बघितली: उणे २६.८ डीबीएम. या डब्या साधारण उणे २७ पर्यंत ऐकतात, म्हणजे काठावरच उभं होतं प्रकरण. शोधता शोधता कळलं की काकूंनी महिन्यापूर्वी कपाट भिंतीला टेकवून सरकवलं होतं आणि मागे ती पातळ पिवळी वायर काटकोनात दुमडली गेली होती. कपाट चार बोटं पुढे घेतलं, वायर मोठ्या वळणात ठेवली, आकडा उणे २१ वर आला. त्यानंतर लाल दिवा नाही. दुमड नसेल तर टोकावरची धूळ किंवा चुकीचा जोड बघायला सांगा. हिरवं टोक हिरव्यालाच आणि निळं निळ्यालाच बसतं. स्वतः वायर काढून टोकात डोकावू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

फायबर २ किलोमीटरवरच्या एखाद्या घरापर्यंत आलं असेल आणि तुमच्या छपरावरून ते घर नजरेत येत असेल, तर ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिशांची जोडी लावून नेट इकडे आणता येतं. त्या कंपनीच्या अटींत वाटून घेणं बसतं का ते आधी विचारा. नजर जाते म्हणजे लिंक जाते असं नाही. लहरींना मधे फुगीर वाट लागते; २ किलोमीटरला मधोमध तिची त्रिज्या साडेपाच मीटरच्या आसपास येते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मधल्या झाडाचा शेंडा रेषेच्या फक्त मीटरभर खाली असेल, तर डोळ्याला समोरचं घर स्वच्छ दिसेल आणि लिंक रडत राहील.

मिळून केलं तर हेच मोठंही होतं. स्पेनमधल्या कॅटलोनियात खेड्यातल्या लोकांनी २००४ पासून छपराछपरावर अशा लिंक जोडत गुइफी-नेट नावाचं जाळं उभं केलं. उत्तर इंग्लंडच्या ग्रामीण भागात बीफोरआरएन ही गावकऱ्यांची संस्था स्वतःच्या शेतातून चर खणून घरोघरी गिगाबिट फायबर नेते.

उरला उपग्रह. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. विनंती वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, असा चार फेऱ्यांचा प्रवास प्रकाशाच्या वेगानेही पावणेपाचशे मिलिसेकंदांचा, प्रत्यक्षात सहाशेच्या पुढे. सिनेमा चालतो, संभाषण अडखळतं. स्टारलिंकसारखे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे उपग्रह यात फार बरे, पिंग पन्नासच्या आतबाहेर. त्यांचा नेहमीचा दोष म्हणजे दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंदांची खंडितता, आणि कारण जवळजवळ नेहमी झाड. उपग्रह आकाशभर सरकत असतात, म्हणून डिशला सगळीकडून मोकळं आकाश लागतं. ॲपमध्ये अडथळ्याचा नकाशा दिसतो, तो डिश पक्की करण्याआधी बघा. वीज ५० ते १०० वॅट लागते, राउटरसाठी घेतलेला छोटा इन्व्हर्टर तिला पुरणार नाही.

तक्रार कशी करायची

"नेट स्लो आहे" असं म्हटलं की तुम्हाला रिस्टार्टच मिळणार. मी शेवटी ईमेलमध्ये एवढंच लिहिलं (सेल म्हणजे टॉवरचा आपल्याला सिग्नल देणारा भाग, त्याचा क्रमांक म्हणजे सेल आयडी):

"मोजमाप लॅन केबलवर, वायफाय बंद. पहाटे ६: डाउनलोड ५८, पिंग ३९. रात्री ८: डाउनलोड १२, पिंग ४१० (सलग सात दिवसांचा तक्ता सोबत). बँड १८००, सेल आयडी सोबत, आरएसआरपी उणे ९२, एसआयएनआर १५, दोन्ही वेळी सारखेच. राउटर दोनदा बदलून पाहिला. सिग्नल बदलत नाही, वेग बदलतो. त्या सेलवरचा भार तपासावा."

पहिलं उत्तर अर्थातच रिस्टार्टचं आलं. दुसरं नेटवर्क विभागाकडून आलं, त्यात तक्रार क्रमांक होता आणि टॉवरवर वाढीव बँड लावण्याचं काम यादीत असल्याचं लिहिलं होतं. यादीत म्हणजे कधी, ते लिहिलं नव्हतं. मोठे डाउनलोड मी तोवर पहाटे ३ ला लावतो आणि वहीत अजूनही दिवसातून एकदा आकडा लिहितो.